श्वासांवरचा पहारा

मन थाऱ्यावर नाही, असे आपण दिवसातून एकदा तरी म्हणतो. डोक्यात काहूर माजले आहे, जिवाला स्वस्थता नाही, मन सैरभैर झाले आहे, चित्त कशातच लागत नाही. एका दुखण्याला मराठीत किती शब्द आहेत पाहा. उर्दूतही कमी नाहीत. बेचैनी आहे, बेकरारी आहे, परेशानी आहे. ज्या दुखण्याला लोकांनी इतकी नावे दिली ते दुखणे जुने असणार, हे सांगायला पंडित लागत नाही. मोबाइलमुळे माणसाचे मन चंचल झाले असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. मोबाइलने चंचलतेच्या हाती एक खेळणे दिले. चंचलता आधीपासून घरातच होती.

दुखणे जुने, तसे त्याचे औषधही जुने. ध्यान, आसन, श्वासाचा अभ्यास, जप, जिक्र ही त्या औषधाची नावे. पण या औषधाच्या बाटलीवर आता धर्माची चिठ्ठी चिकटवण्याची हौस फार वाढली आहे. दरवर्षी जून महिन्यात योग दिन जवळ आला की मला हमखास विचारले जाते, ‘तुम्हा लोकांना योग चालतो का हो?’ विचारणारे दोन्हीकडचे असतात. एकाची खात्री असते की मी ‘नाही’ म्हणणार. दुसऱ्याला भीती असते की मी ‘हो’ म्हणणार. दोघांनाही मी एकच सांगतो. हा प्रश्न आपल्या आधी नऊशे-हजार वर्षे शहाण्या माणसांपुढे येऊन गेलेला आहे. त्यांनी त्याचे काय केले, ते आधी पाहू.

गझनीच्या दरबारातला विद्यार्थी

मध्य आशियातल्या ख्वारिझम प्रांतात इसवी सन ९७३ मध्ये अबू रैहान अल-बिरुनी जन्मला. गणित, ज्योतिष, भूगोल, औषधी अशा अनेक विद्यांत त्याची गती होती. पुढे गझनीच्या महमूदाच्या पदरी त्याला राहावे लागले. महमूदाच्या स्वाऱ्यांनी हिंदुस्थानात काय केले ते आपण शाळेत शिकलो आहोत. त्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट धुळीला मिळवली, हे खुद्द बिरुनीनेच लिहून ठेवले आहे. आणि लिहिणारा त्याच दरबारात राहत होता, हे विसरू नये.

हा माणूस पंडितांपुढे बसून संस्कृत शिकला. १०३० च्या सुमारास त्याने हिंदुस्थानावर आपला मोठा ग्रंथ लिहिला. पण त्याआधीच त्याने दोन संस्कृत पुस्तके अरबीत नेली होती. एक सांख्य तत्त्वज्ञानाचे, दुसरे पतंजलीच्या योगाचे. पतंजलीची सूत्रे फार आखूड. अरबी वाचकाला ती नुसती कळणार नाहीत, म्हणून सूत्रे आणि त्यांच्यावरचे भाष्य त्याने एकत्र केले आणि सगळे प्रश्नोत्तरांच्या रूपात मांडले. शिष्य विचारतो, गुरू सांगतो. मन बाहेर का धावते, ते आवरायचे कसे, आवरले तर काय हाती लागते, अशी चर्चा त्यात चालते. या अरबी पुस्तकाचे हस्तलिखित विसाव्या शतकात इस्तंबूलमध्ये लुई मासिन्याँ या फ्रेंच विद्वानाच्या नजरेस पडले आणि हेल्मुट रिटर या जर्मन अभ्यासकाने १९५६ मध्ये ते छापून प्रसिद्ध केले.

म्हणजे योगावरचे हे पुस्तक हजार वर्षांपूर्वी मराठीतही नव्हते, तेव्हा अरबीत होते. बिरुनी योगी झाला नाही. त्याने आपला धर्म सोडला नाही, आणि पंडितांची मते आपल्याला पटतात की नाही हे सांगायलाही तो कचरला नाही. पण हिंदुस्थानावरच्या ग्रंथात पतंजलीचे विचार समजावताना तो पुनःपुन्हा सूफींचा दाखला देतो. आमच्याकडचे सूफी असेच काहीसे सांगतात, असे त्याचे म्हणणे. शेजाऱ्याच्या घरातली वस्तू ओळखायची, तर आपल्या घरातल्या वस्तूशी ताडून पाहावी लागते. बिरुनीने नेमके तेच केले.

दम आणि होश

सूफींकडे त्या काळी खरेच असे काही होते का? होते. बाराव्या शतकात बुखाऱ्याजवळच्या गिजदुवान गावी अब्दुल खालिक नावाचे सूफी होऊन गेले. पुढे नक्शबंदी म्हणून ओळखल्या गेलेल्या परंपरेचे नियम त्यांनी घालून दिले. त्यातला पहिलाच नियम आहे ‘होश दर दम’. दम म्हणजे श्वास, होश म्हणजे भान. एकही श्वास बेसावधपणे आत जाऊ नये की बाहेर पडू नये.

दुसरा शब्द आहे ‘पास-ए-अनफास’. पास म्हणजे राखण, पहारा. अनफास म्हणजे श्वास, अनेकवचनी. श्वासांवरचा पहारा. यात साधक मान खाली घालून, डोळे मिटून बसतो. श्वास बाहेर सोडताना कलम्याचा पहिला भाग मनात म्हणतो, श्वास आत घेताना दुसरा. ओठ हलत नाहीत. काही काळाने शब्द श्वासात असा मिसळतो, की म्हणणाऱ्याला वेगळे म्हणावे लागत नाही. आपल्याकडच्या नाथपंथी योग्यांचा अजपा जप ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. तिथे ‘सोऽहम्’ श्वासाबरोबर चालतो, तोही न उच्चारता.

मग कोणी कोणाकडून घेतले? यावर विद्वानांची भांडणे आहेत. सूफींनी सारे योग्यांकडून उचलले असे एकेकाळी काही युरोपीय अभ्यासक ठामपणे सांगत. आता तसे कोणी सहसा म्हणत नाही. भूक लागली म्हणून सगळ्या जगात माणसाने भाकरी शोधून काढली. एकाने दुसऱ्याची पळवली असे म्हणण्याचे कारण नाही. श्वास सर्वांकडे आहे. मन घाबरले की तो उथळ होतो, स्वस्थ झाले की संथ होतो. हे ज्याने बारकाईने पाहिले, त्याला वाट सापडली.

पण सापडलेल्या वाटा पुढे एकमेकींना भेटल्या, हेही तितकेच खरे. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया आपल्या बैठकीत जे बोलत, ते त्यांचे शिष्य कवी अमीर हसन सिज्जी यांनी १३०८ पासून १३२२ पर्यंत लिहून ठेवले. ‘फवाइद-उल-फुआद’ हे त्या पुस्तकाचे नाव. त्यात निजामुद्दीन आपल्या तरुणपणची आठवण सांगतात. गुरू बाबा फरीद यांच्या अजोधनच्या खानकाहमध्ये त्यांची एका योग्याशी गाठ पडली. तुमच्या मार्गाचे मूळ काय, असे त्यांनी विचारले. योग्याने सांगितले, की माणसाच्या देहात दोन जगे आहेत, बेंबीच्या वरचे आणि बेंबीच्या खालचे. वरच्या जगात सचोटी आणि चांगले वर्तन हवे, खालच्यात सावधपणा आणि शुद्धता हवी. निजामुद्दीन म्हणतात, मला त्याचे बोलणे आवडले. बस, इतकेच. त्यांनी वाद घातला नाही की धर्म बदलला नाही. चांगले बोलणे ऐकले, आवडले आणि ते आपल्या शिष्यांना सांगितले.

ही आठवण लिहून ठेवणारे अमीर हसन पुढे मुहम्मद तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा दौलताबादला आले आणि इथल्याच मातीत मिसळले. आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या खुलताबादला त्यांची कबर आहे. वेरूळची लेणी पाहायला जाणाऱ्या माणसाने वाट थोडी वाकडी केली तर ती दिसेल. निजामुद्दीन यांचे दिल्लीतले वारस नसीरुद्दीन चिराग देहलवी तर याहून स्पष्ट बोलले. श्वास सांभाळणे हा या मार्गाचा पाया आहे, आणि सिद्ध योगी मोजून श्वास घेतात, असे त्यांनी शिष्यांना सांगितल्याची नोंद आहे.

एकवीस आसने

सोळाव्या शतकात शत्तारी परंपरेचे एक मोठे सूफी ग्वाल्हेरला होते, शेख मुहम्मद गौस. बादशहा हुमायूनची त्यांच्यावर श्रद्धा होती. शेरशहाने हुमायूनला हुसकावले, तेव्हा त्यांनाही ग्वाल्हेर सोडून गुजरातेत जावे लागले. तिथे शिष्यांच्या आग्रहावरून त्यांनी एक काम हाती घेतले. ‘अमृतकुंड’ नावाचे योगावरचे एक पुस्तक बऱ्याच आधी अरबीत आले होते, पण त्यात गोंधळ फार होता. गौसांनी ते नव्याने फारसीत केले आणि वाढवले. नाव ठेवले ‘बहर-उल-हयात’, म्हणजे जीवनाचा समुद्र. कुंडाचा समुद्र झाला.

अरबी पुस्तकात पाचच आसने होती. गौसांच्या पुस्तकात ती एकवीस झाली. बहुतेक बैठकीची, श्वासाची आणि ध्यानाची. हे सारे त्यांनी नुसते वाचून लिहिलेले नसावे, इतके त्यातले वर्णन बारीक आहे. मंत्र आले तिथे त्यांच्या बाजूला अल्लाहच्या नावांतले जुळणारे नाव दिले. ज्याला जे नाव जवळचे, त्याने ते घ्यावे. गौस १५६३ मध्ये वारले. ग्वाल्हेरला त्यांचा भव्य मकबरा आहे आणि त्याच आवारात तानसेनाची कबर आहे. श्वासावर हुकमत मिळवलेली दोन माणसे शेजारी-शेजारी झोपली आहेत.

पुढे शहाजादा सलीम, म्हणजे नंतरचा जहांगीर, अलाहाबादेत होता, तेव्हा त्याच्यासाठी १६०२ च्या सुमारास या पुस्तकाची सचित्र प्रत तयार झाली. प्रत्येक आसनाचे एक चित्र. ही प्रत आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. आसनांचा असा क्रमवार चित्रमय ग्रंथ याहून जुना आजवर सापडलेला नाही. २०१३ साली वॉशिंग्टनमध्ये योगाच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा यातली पाने तिथे मांडली होती. आसनांचा हा सर्वांत जुना चित्रसंग्रह फारसीत आहे, एका सूफीने लिहिलेला आहे आणि एका मोगल शहाजाद्याने करवून घेतलेला आहे. याचा अर्थ योग मुसलमानांचा आहे असा नव्हे. योग्यांची विद्या योग्यांचीच. पण ती जपणाऱ्यांत कोण कोण होते, ते माहीत असलेले बरे.

सलीमचा नातू दारा शुकोह याची गोष्ट अनेकांना माहीत आहे. उपनिषदे फारसीत आणणारा हा राजपुत्र कादिरी परंपरेतला साधक होता. श्वास रोखण्याच्या आणि अंतरातला नाद ऐकण्याच्या साधनेवर त्याने एक छोटे पुस्तक लिहिले. योग्यांच्या अनाहत नादाशी ते ताडून पाहण्याजोगे आहे. १६५९ मध्ये त्याला ठार मारण्यात आले. त्याच्या मृत्यूबरोबर दिल्लीतली ती दारे बरीचशी लोटली गेली. पण आपल्याकडे ती कधीच लोटली गेली होती असे वाटत नाही. कारण आपल्याकडे हे काम दरबारात नव्हे, मठीत चालले होते.

अविंधाचा योगसंग्राम

मराठीत योगाची भाषा रुजवली ज्ञानदेवांनी. १२९० च्या ज्ञानेश्वरीतला सहावा अध्याय वाचताना नाथपंथाची ती सारी शरीरविद्या मराठी ओवीत कशी सहज उतरली, याचे नवल वाटते. याच ओवीच्या वाटेवर पुढे शेख महंमद आले.

शेख महंमद श्रीगोंद्याचे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हे गाव. मालोजीराजे भोसल्यांनी त्यांना तिथे मठ बांधून दिला, असे परंपरा सांगते. त्यांचे गुरू चांद बोधले. या चांद बोधल्यांचेच शिष्य दौलताबादचे जनार्दनस्वामी आणि जनार्दनस्वामींचे शिष्य संत एकनाथ, अशी परंपरा मानतात. म्हणजे एकाच विहिरीचे पाणी पैठणलाही गेले आणि श्रीगोंद्यालाही. शेख महंमद स्वतःला ‘अविंध’ म्हणत. ज्याचे कान टोचलेले नाहीत तो अविंध, म्हणजे मुसलमान. आपली ओळख त्यांनी लपवली नाही आणि मिरवलीही नाही. मराठी मुसलमान संतकवींवर डॉ. रा. चिं. ढेरे यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. त्यात ही सारी मंडळी भेटतात. वा. सी. बेंद्रे यांनी शेख महंमदांचा ग्रंथ संपादून लोकांपुढे आणला.

या ग्रंथाचे नाव ‘योगसंग्राम’. त्यांचा आणखी एक ग्रंथ आहे, ‘पवनविजय’. नावेच पाहा. एकात योग म्हणजे लढाई. दुसऱ्यात श्वासाच्या वाऱ्यावर मिळवलेला जय. मन शांत करणे म्हणजे पडून राहणे, असे आज आपल्याला वाटते. शेख महंमदांना तसे वाटत नव्हते. काम, क्रोध, लोभ, अहंकार हे समोर उभे ठाकलेले सैन्य आहे आणि जिवाला त्यांच्याशी झुंजायचे आहे. सूफींकडेही हाच विचार आहे. आतल्या हट्टी, हावऱ्या ‘मी’ला ते नफ्स म्हणतात. तलवारीची लढाई छोटी, या नफ्सशी चाललेली लढाई मोठी, असे ते सांगतात. ‘जिहाद’ हा शब्द आज ऐकला तरी माणसे दचकतात. पण सूफींच्या दृष्टीने थोरला जिहाद हा असा, आपला आपल्याशी. शेख महंमदांनी त्याला मराठीत ‘संग्राम’ म्हटले, असे मी समजतो.

आणि हे त्यांनी कोणत्या काळात लिहिले? सतराव्या शतकाचा पूर्वार्ध. निजामशाही मोडकळीला आलेली. मलिक अंबर १६२६ मध्ये गेला. १६३० ते १६३२ या काळात दख्खनेत असा दुष्काळ पडला की गावेच्या गावे ओस झाली. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली. मोगल, आदिलशाही, निजामशाही यांच्या फौजा याच मुलखातून ये-जा करत होत्या. आपल्या आजच्या धकाधकीची आपण तक्रार करतो. त्या माणसांच्या दारात दुष्काळ आणि घोडदळ उभे होते. अशा वेळी श्रीगोंद्याचा एक माणूस सांगत होता, की बाहेरच्या लढाया तुझ्या हाती नाहीत, आतली मात्र आहे. हे पळपुटेपणाचे सांगणे नव्हते. सगळे हातातून जात असताना एक गोष्ट तरी हातात राहते, हे धीराचे सांगणे होते. मठात येणाऱ्या कुणब्या-बलुतेदारांनी ते धीराचेच म्हणून ऐकले असणार. नाहीतर त्यांचे नाव आजवर राहिले नसते.

बडोद्याचा आखाडा, लोणावळ्याचे यंत्र

विसाव्या शतकात या विद्येने आणखी एक वळण घेतले. बडोद्यात जुम्मादादा नावाचे मुसलमान उस्ताद होते. त्यांच्या आखाड्यात तयार झालेले त्यांचे शिष्य म्हणजे राजरत्न प्रा. माणिकराव. माणिकरावांनी पुढे ही व्यायामशाळा नावारूपाला आणली आणि तिला गुरूचेच नाव ठेवले, जुम्मादादा व्यायाम मंदिर. या माणिकरावांकडे १९०७ ते १९१० या काळात एक तरुण शिकला. त्याचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. डभोईला १८८३ मध्ये जन्मलेला. पुढे नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदास यांच्याकडे त्याने योग शिकला, अमळनेरला शिक्षकी केली, आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढली. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखते.

कुवलयानंदांचा प्रश्न साधा होता. योगी सांगतात ते शरीरात खरोखर घडते का? घडत असेल तर यंत्रावर दिसले पाहिजे. त्यांनी क्ष-किरणांखाली नौली तपासली, पोटातला दाब मोजला, आसनांत रक्तदाब कसा बदलतो ते पाहिले. त्याच वर्षी सुरू केलेल्या ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात आकडे छापले. श्रद्धेने माना असे ते म्हणाले नाहीत. मोजून पाहा म्हणाले. इथे योगाची भाषा पुन्हा एकदा बदलली. संस्कृतातून अरबी, फारसी, मराठी झाली होती, आता ती प्रयोगशाळेची झाली.

त्याच सुमारास अमेरिकेत, शिकागोत, डॉ. एडमंड जेकबसन वेगळ्याच वाटेने त्याच ठिकाणी येत होते. मनात काळजी असेल तर अंगातले स्नायू आखडलेले राहतात, आपल्याला कळतही नाही, आणि स्नायू एकेक करून सैल सोडले तर मनही सैलावते, असे त्यांनी दाखवले. त्यांचे पुस्तक १९२९ मध्ये आले. पंधराव्या शतकातल्या ‘हठप्रदीपिके’त शवासनाचे वर्णन आहे. पाठीवर मृतासारखे पडावे, त्याने थकवा जातो आणि चित्ताला विश्रांती मिळते, असा त्याचा आशय. योगी आणि डॉक्टर दोघे एकाच अंगाला हात लावून सांगत होते. मला कवी म्हणून गंमत वाटते ती शब्दाची. मरणाआधी मरून पाहावे, असे सूफी सांगत आले. योग्यांनी त्याचे आसनच केले.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी हे शवासन दवाखान्यात आणले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले आणि १९६९ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. बऱ्याच जणांचा दाब उतरला, काहींना औषध कमी पुरले. पुढे इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७५ मध्ये रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून तपासले. शिथिलीकरण शिकलेल्या गटाचा दाब दुसऱ्या गटापेक्षा अधिक उतरला. त्याच वर्षी हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन यांचे पुस्तक आले. एक शब्द श्वासाबरोबर मनात म्हणत राहावा आणि इतर विचार आले तर त्यांच्याशी भांडू नये, एवढ्याने शरीराची धावपळ मंदावते, हे त्यांचे सांगणे. अशा पद्धती योगात, ख्रिस्ती साधूंत, ज्यू आणि सूफी परंपरांत सगळीकडे आहेत, हे त्यांनीही नोंदवले आहे. अर्थात यातून कोणी डॉक्टरांची गोळी स्वतःहून बंद करू नये. दातेसाहेबांच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच औषध कमी केले होते.

करायचे काय?

इतका इतिहास सांगून झाल्यावर थोडे कृतीचेही सांगावे. रात्री किंवा पहाटे, जेवणानंतर लगेच नव्हे, सतरंजीवर पाठीवर पडा. पाय थोडे दूर, तळहात वर, डोळे मिटलेले. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक भाग मनाने चाचपा आणि सैल सोडा. जबडा आणि खांदे यांच्याकडे विशेष लक्ष द्या, आपला सगळा दिवस तिथे साठलेला असतो. मग श्वास पाहा. ओढून घेऊ नका. सोडताना मात्र सावकाश सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हे शरीराचेच गणित आहे. मनात एक शब्द धरा. राम म्हणा, अल्लाह म्हणा, विठ्ठल म्हणा, नाहीतर एक-दोन-तीन म्हणा. मन पळेल. पळाले हे कळले की परत आणा. दहादा पळेल, दहादा आणा. त्याला रागावू नका. लहान मुलाला अंगणातून घरात आणावे तसे आणा. ज्यांना गाढ नैराश्य आहे किंवा डोळे मिटताच भीती दाटते, त्यांनी मात्र आधी डॉक्टरांशी बोलावे.

आता तो जूनमधला प्रश्न. २००८ मध्ये मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा मंडळाने मुसलमानांना योग वर्ज्य ठरवला. २००९ मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा मंडळाने मंत्र आणि पूजाविधी वर्ज्य ठरवले, नुसत्या व्यायामाला हरकत घेतली नाही. २०१७ मध्ये सौदी अरेबियाने योगाला खेळ म्हणून परवानगी दिली. आपल्याकडे २०१५ साली पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन झाला, तेव्हा सूर्यनमस्कारांवरून वाद झाला आणि सामायिक कार्यक्रमात ते ठेवले नव्हते. मला या सगळ्यांपेक्षा मुहम्मद गौस अधिक मोकळे वाटतात. त्यांनी ना सक्ती केली, ना बंदी. जे उपयोगी वाटले ते घेतले, कोणाकडून घेतले ते सांगितले आणि आपल्या भाषेत त्याला नाव दिले. घेणाऱ्याने मूळ मालकाचे नाव लपवू नये आणि देणाऱ्याने घेणाऱ्याकडून निष्ठेची पावती मागू नये. एवढे पाळले तर भांडायला फारसे उरत नाही. नमाज ही इबादत आहे, तिला कोणी आसन म्हणू नये. तसेच शवासनात पडलेल्या माणसाला त्याचा धर्म विचारू नये.

एका गोष्टीची खंत मात्र वाटते. बिरुनीला ज्ञान हवे होते, गौसांना आणि शेख महंमदांना ईश्वर हवा होता, आपल्याला रक्तदाब उतरायला हवा आहे. उतरावा, त्यात गैर काही नाही. दुखऱ्या माणसाला आराम मिळणे हेही पुण्यच. पण या साऱ्या माणसांनी मन शांत केले ते नुसते झोप लागावी म्हणून नव्हे. शांत झालेल्या मनाला दुसऱ्याचे बोलणे ऐकू येते, हे त्यांना ठाऊक होते. अजोधनला तरुण निजामुद्दीन यांना योग्याचे बोलणे ऐकू आले ते तसे. आपल्या घरात, आपल्या गल्लीत, आपल्या देशात आज सगळेच एकदम बोलत आहेत. म्हणून तरी रोज वीस मिनिटे श्वासांवर पहारा बसवून पाहावा. त्याने रक्तदाब थोडा उतरू शकेल, आणि कदाचित शेजारचा काय म्हणतो तेही ऐकू येईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)